केबलची वायर जोडली, तरी संगणकावर चॅनेल शून्य का?

प्रश्न : आमच्या घरी २००८-०९ च्या सुमारास जुळवून घेतलेला संगणक आहे. त्यात टीव्ही ट्यूनर कार्ड आहे. त्या काळी केबलची वायर थेट कार्डाला लावली, की सगळे चॅनेल दिसायचे. मधली काही वर्षे संगणक बंद होता. आता मुलाच्या खोलीत वेगळा टीव्ही नको म्हणून तो पुन्हा चालू केला, केबल जोडली आणि चॅनेल शोधायला लावले. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते आणि खाली लिहून येते : 'सापडलेले चॅनेल : ०'. दुसरी वायर लावून पाहिली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले, तरी तेच. हॉलमधल्या टीव्हीवर मात्र सेट टॉप बॉक्समधून सगळे व्यवस्थित दिसते. दुकानदार म्हणतो, कार्ड गेले, नवे डिजिटल कार्ड घ्या. घ्यावे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : अजिबात घेऊ नका. तुमचे कार्ड बहुधा ठणठणीत आहे. त्याला वाचता येईल असे काहीच त्या वायरीतून आता येत नाही, म्हणून ते प्रामाणिकपणे शून्य सांगते. नवे डिजिटल कार्ड घेतले तरी केबलचे चॅनेल दिसणार नाहीत. त्याचे कारण वेगळे आहे आणि ते कायद्यात आहे. दोन्ही गोष्टी क्रमाने सांगतो. त्यानंतर कार्ड नक्की चांगले आहे का हे घरच्या घरी कसे तपासायचे आणि मुलाच्या खोलीत चित्र कसे आणायचे, तेही सांगतो.

स्कॅन करताना कार्ड नेमके काय शोधते?

तुमच्या कार्डातला ट्यूनर साधारण ४८ ते ८६० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एकेका ठिकाणी थांबतो आणि तिथे टीव्हीचे ॲनालॉग प्रक्षेपण आहे का ते पाहतो. आपल्याकडे रंगीत टीव्ही १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी आला, तो 'पाल' पद्धतीने. त्यात एका चित्राच्या ६२५ रेषा असतात, सेकंदाला २५ चित्रे असतात आणि आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर असते. प्रत्येक रेषेच्या आणि प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला एक ठरावीक खूण येते. ती सापडली की कार्ड म्हणते, इथे चॅनेल आहे. नाही सापडली की ते पुढे सरकते. सगळा पट्टा पालथा घालूनही ती खूण कुठेच मिळाली नाही, तर उत्तर शून्य येते.

वायरीत काय बदलले?

१९९० च्या दशकात घरोघरी आलेली केबल ॲनालॉग होती. डोंगरावर किंवा इमारतीच्या गच्चीवर मोठ्या डिश लावून केबलवाला उपग्रहावरचे चॅनेल घ्यायचा आणि प्रत्येकाला पट्ट्यातली एकेक जागा देऊन वायरीत सोडायचा. टीव्ही असो की संगणकातले कार्ड, जागेवर थांबले की चित्र मिळे. बॉक्सची गरजच नव्हती.

२०११ साली केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि केबल डिजिटल करणे सक्तीचे झाले. चार टप्पे ठरले. पहिल्यात मुंबईसह चार महानगरे होती आणि त्यांची अखेरची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती. दुसऱ्यात पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशी ३८ शहरे आली. मुदत ३१ मार्च २०१३. तिसऱ्या टप्प्यात उरलेली सगळी शहरे होती. कराड त्यातलेच. त्यांची मुदत होती ३१ डिसेंबर २०१५. चौथ्या टप्प्यात ग्रामीण भाग आला आणि त्याची वाढवलेली मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. न्यायालयीन दाव्यांमुळे काही गावांत प्रत्यक्ष बदल थोडा उशिरा झाला, पण दिशा एकच होती. तुमचा संगणक झाकून ठेवलेला असताना तुमच्या गल्लीतली केबल बदलून गेली.

डिजिटल केबलमध्ये ६२५ रेषा आणि त्यांच्या खुणा वायरीतून जातच नाहीत. चित्र-आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते, ते आकडे दाबून लहान केले जातात आणि अनेक चॅनेलांचे आकडे एकत्र गुंफून एकाच जागेतून पाठवले जातात. ॲनालॉगमध्ये एसटीची अख्खी गाडी एकाच प्रवाशाला दिलेली होती. डिजिटलमध्ये त्याच गाडीत दहा-वीस प्रवासी बसतात. हिशोबच मांडायचा तर ८ मेगाहर्ट्झच्या एका जागेतून, नेहमीच्या मांडणीत, सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती जाते. साध्या दर्जाच्या एका चॅनेलला जुन्या एमपेग-२ पद्धतीत तीन-चार मेगाबिट पुरतात, एमपेग-४ मध्ये त्याहून कमी. म्हणूनच तेवढ्याच वायरीत शंभराच्या जागी कित्येक शे चॅनेल मावू लागले.

तुमच्या कार्डाला हा सगळा प्रवाह नुसत्या खरखरीसारखा वाटतो. त्यात ओळखीची खूण नाही, म्हणून ते पुढे जाते.

मग डिजिटल कार्डाने का दिसणार नाही?

डिजिटल केबलच्या पद्धतीला डीव्हीबी-सी म्हणतात. ती वाचणारी कार्डे आणि यूएसबी डोंगल मिळतात. ते जोडून स्कॅन केले, तर शून्याऐवजी भली मोठी यादी येण्याची शक्यता आहे. चॅनेलांची नावेही दिसतील. पण नावावर क्लिक केले की पडदा काळाच राहील.

याचे कारण त्याच दुरुस्त कायद्याचे कलम ४-अ. केबलवाल्याने प्रत्येक चॅनेल कुलूपबंद, म्हणजे संकेतबद्ध करूनच पाठवायचा, अशी त्यात सक्ती आहे. कुलूप उघडण्याची किल्ली केबल कंपनी तुमच्या नावावर नोंदलेल्या सेट टॉप बॉक्सला पाठवते. कुणी कुठले चॅनेल घेतले, याची नोंद ठेवता यावी आणि ग्राहकांची खरी संख्या लपू नये, हा त्यामागचा हेतू होता. तो हेतू मला पटतो. पूर्वी केबलवाला कंपनीला कमी जोडण्या दाखवायचा आणि त्याचा फटका चॅनेलांना व सरकारी करालाही बसायचा.

पण मोफत चॅनेलही याच कुलपात अडकले, हे मला पटत नाही. दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या प्रत्येक केबलवाल्याने दाखवल्याच पाहिजेत, असे याच कायद्याचे कलम ८ सांगते. ज्या वाहिन्या लोकांच्या पैशातून चालतात आणि ज्या दाखवणे सक्तीचे आहे, त्या कुणाच्याही टीव्हीवर, संगणकावर बॉक्सशिवाय उघडायला हव्यात. तसे झाले असते तर सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या बघायला तुमच्या मुलाला दुसरा बॉक्स लागला नसता.

बाजारात कुलूप उघडून देतो असे सांगणारे बॉक्स आणि सॉफ्टवेअर मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे, आणि किल्ली बदलली की तेही बंद पडते.

कार्ड चांगले आहे, हे कसे ठरवायचे?

दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. पुढच्या पाच गोष्टी याच क्रमाने पाहा.

१. केबलची तीच वायर, बॉक्स न लावता, एखाद्या जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या जॅकमध्ये लावा आणि आपोआप चॅनेल शोधायला सांगा. टीव्हीलाही काही सापडले नाही, तर वायरीत ॲनालॉग काही नाही हे सिद्ध झाले. कार्डाचा दोष नाही. टीव्हीला सापडले आणि कार्डाला नाही, तरच पुढे संगणकात शोध घ्यायचा.

२. कार्डाच्या मागे पाहा. अनेक कार्डांवर अगदी एकसारखे दोन गोल जॅक असतात : एक टीव्हीचा, दुसरा एफएम रेडिओचा. वायर रेडिओच्या जॅकमध्ये गेली तर कितीही शोधा, शून्यच येते. जॅकवर बारीक अक्षरांत 'टीव्ही' असे इंग्रजीत कोरलेले असते.

३. सॉफ्टवेअरमधली निवड तपासा. देश भारत हवा. सिग्नलचा प्रकार अँटेना नव्हे, केबल हवा, कारण केबलमध्ये हवेतल्या प्रक्षेपणात न वापरल्या जाणाऱ्या जागाही असतात आणि अँटेना निवडले की कार्ड त्या वगळते. पद्धत 'पाल-बी' हवी. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून अमेरिका निवडलेली असते; तिथली जुनी पद्धत ५२५ रेषांची आणि आवाजाचे अंतर ४.५ मेगाहर्ट्झ. त्या निवडीवर आपल्याकडचे चित्र सापडले तरी ते रंगहीन, हलणारे आणि मुके येते.

४. संगणकाला कार्ड दिसते का ते पाहा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावापुढे पिवळी खूण असेल, तर ड्रायव्हर बसलेला नाही. तुमचा संगणक जुन्या विंडोजवर असेल तर मूळ सीडी चालेल. पण मधल्या काळात कुणी त्यात नवी ६४ बिट विंडोज टाकली असेल, तर त्या जुन्या कार्डांपैकी अनेकांचे ड्रायव्हर कंपनीने कधी काढलेच नाहीत. शिवाय विंडोज ७ मध्ये असलेले मीडिया सेंटर विंडोज १० मध्ये काढून टाकले गेले. अशा वेळी लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवा आणि संगणक त्यावरून सुरू करा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. बीटी८७८ आणि एसएए७१३४ या त्या काळच्या लोकप्रिय चिपांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये अंगचेच असतात.

५. शेवटची परीक्षा. जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर त्याची पिवळी पिन कार्डाच्या पिवळ्या जॅकमध्ये लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये 'टीव्ही'ऐवजी 'कंपोझिट' निवडा. चित्र आले, तर कार्डाचा चित्र वाचणारा भाग चांगला आहे. ट्यूनरचा भागही तपासायचा असेल, तर अँटेनाची वायर निघणारा जुना व्हीसीआर शोधा. त्याची वायर कार्डाला लावून स्कॅन केले आणि एक चॅनेल सापडला, तर संपूर्ण कार्ड सुस्थितीत आहे. या परीक्षेत यादीत 'सापडलेले चॅनेल : १' दिसणे म्हणजेच पूर्ण गुण.

वायर आणि स्प्लिटरचा दोष असू शकतो का?

ॲनालॉग असते तर हो. दोन फाट्यांचा स्प्लिटर लावला की प्रत्येक फाट्यावरचा सिग्नल साडेतीन-चार डेसिबलने उतरतो, म्हणजे निम्म्याहून कमी शक्ती उरते. चार फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये ही घट सात-आठ डेसिबल होते. पण ॲनालॉगमध्ये सिग्नल अशक्त झाला तर चित्रावर मुंग्या येतात, सावल्या पडतात. सगळे चॅनेल एकदम नाहीसे होत नाहीत. डिजिटलचे वागणे उलटे आहे : सिग्नल पुरेसा असेल तोवर चित्र स्वच्छ, आणि एका मर्यादेखाली गेला की चौकोन पडून चित्र थांबते. हॉलमधला बॉक्स नीट चालतो, त्यामुळे तुमच्या घरापर्यंतची वायर चांगली आहे. खोलीपर्यंत नवी वायर ओढाल तेव्हा ती ७५ ओहमची आरजी-६ घ्या आणि कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीची एकही तार मधल्या तांब्याच्या तारेला लागणार नाही, एवढे पाहा. सारे काही ठीक दिसत असूनही सिग्नल न येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण ती एक तार असते.

मुलाच्या खोलीत चित्र कसे आणायचे?

यासाठी केबलवाल्याकडून दुसरी जोडणी आणि दुसरा बॉक्स घ्यावा लागेल. हॉलमधल्या बॉक्सचे चित्र वायरीने खोलीत नेता येते, पण मग दोन्हीकडे एकच चॅनेल दिसेल.

बॉक्स आला की त्याच्या मागची पिवळी-लाल-पांढरी एव्ही वायर घ्या. पिवळी पिन कार्डाच्या कंपोझिट जॅकमध्ये लावा. सॉफ्टवेअरमध्ये स्रोत 'कंपोझिट' निवडा. इथे स्कॅन करायचेच नाही. यादी रिकामी राहिली तरी बिघडत नाही, कारण चॅनेल बदलण्याचे काम आता बॉक्सचा रिमोट करणार आहे. चित्र कृष्णधवल आले तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये बाहेर जाणारे चित्र 'पाल' आहे का ते पाहा.

आवाजासाठी लाल आणि पांढरी पिन साडेतीन मिलिमीटरच्या जोडपिनेने संगणकाच्या निळ्या, म्हणजे लाइन-इन जॅकला लावा आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये लाइन-इन चालू करा. चित्र आहे आणि आवाज नाही, अशी तक्रार जुन्या कार्डांबाबत हमखास येते, आणि दहापैकी नऊ वेळा उपाय एवढाच असतो. या वाटेने चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे येते. एचडी चॅनेल घेतला तरी तो साधाच दिसेल.

तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय जॅक असेल, तर याहून सरळ मार्ग आहे. बॉक्स थेट मॉनिटरला जोडा आणि आवाजासाठी स्पीकर लावा. संगणक चालूही करावा लागणार नाही. एचडीएमआय वायर संगणकाच्या कॅप्चर डोंगलला लावून मात्र बघू नका; बॉक्सच्या एचडीएमआयवर नक्कल-बंदीचे कुलूप असते आणि पडदा काळा राहतो.

बॉक्सशिवाय, महिन्याच्या पैशांशिवाय काही मार्ग?

आहे, आणि तो संगणकासाठी फार चांगला आहे. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे. तिला मासिक शुल्क नाही, आणि तिच्या अनेक वाहिन्या कुलपाशिवाय येतात. उपग्रहाचे सिग्नल वाचणारे डीव्हीबी-एस२ कार्ड किंवा यूएसबी बॉक्स घेतला, गच्चीवर साधारण ६० सेंटिमीटरची छत्री लावली आणि ती ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवली, की सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या संगणकावर थेट दिसतात. कराडहून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर आहे. त्या दिशेला झाड किंवा पाण्याची टाकी आड येऊ नये. नवे कार्ड घ्यायचेच असेल, तर पैसे इथे सार्थकी लागतील.

एक सावधगिरी बाळगा. उपग्रहाचे कार्ड छत्रीवरच्या एलएनबीला वायरीतूनच १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा करते. त्या जॅकला केबलवाल्याची वायर कधीही लावू नका. तुमचे कार्ड आणि त्याची यंत्रणा, दोन्हींचे नुकसान होऊ शकते.

टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर असावा, यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली मानक तयार केले. ग्राहकाने असा टीव्ही मागितला, दुकानदाराला त्याबद्दल विचारले, तर कंपन्याही ते मनावर घेतील. म्हणून टीव्ही घेताना हा प्रश्न जरूर विचारा.

साधी अँटेना लावण्यात मात्र अर्थ नाही. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली आहेत, त्यामुळे हवेतही तुमच्या कार्डाला वाचण्याजोगे फारसे काही उरलेले नाही.

मग जुन्या कार्डाचे काय करू?

ते फेकू नका, भंगारातही देऊ नका. आपल्याकडे १९८५ ते २००० च्या दरम्यान झालेली लग्ने, मुंजी, शाळेची स्नेहसंमेलने व्हीएचएस कॅसेटवर आहेत. त्या कॅसेट वर्षागणिक खराब होत आहेत. दमट हवेत टेपवर बुरशी धरते, चुंबकीय थर सुटू लागतो, आणि त्या वाजवणारे चालू व्हीसीआर तर दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहेत. व्हीसीआरची पिवळी पिन तुमच्या कार्डाला लावून ही सगळी चित्रे संगणकावर उतरवता येतात. सेकंदाला आठ मेगाबिट दराने तासाभराच्या कॅसेटला सुमारे ३.६ जीबी जागा लागते. आजच्या साध्या हार्ड डिस्कवर शेकडो तास मावतील. बुरशी दिसणारी कॅसेट आधी साफ करून घ्या, नाहीतर व्हीसीआरचे हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटही खराब होतील. उतरवलेल्या फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

थोडक्यात सांगायचे तर, केबल पाहण्यासाठी नवे कार्ड घेऊ नका. खोलीत टीव्ही हवा असेल तर दुसरा बॉक्स मॉनिटरला जोडा, किंवा फ्री डिशची छत्री आणि उपग्रहाचे कार्ड घ्या. आणि घरातला व्हीसीआर अजून चालत असेल, तर येत्या सुटीतच जुन्या कॅसेट या कार्डावरून उतरवून घ्या. ते काम पुढे ढकलू नका.